पत्ता सांगा, मग गाडी चालवा

दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या नजरेत शांतिपथावर पहिल्यांदा भरतात त्या निळ्या नंबरप्लेटा. फिकट निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे: आधी एक आकडा, मग ‘सीडी’, मग पुन्हा आकडा. पहिला आकडा देशाचा. ७७ असेल तर गाडी अमेरिकी वकिलातीची. मुंबईत अशाच पाटीवर ‘सीसी’ दिसते, कारण तिथे दूतावास नाहीत, वाणिज्य दूतावास आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या गाड्यांवर ‘यूएन’ असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात या गाड्यांच्या नोंदणीसाठी ४२ वे कलम स्वतंत्र राखून ठेवले आहे, आणि त्यांचे कागद परराष्ट्र मंत्रालयाच्या वाटेने फिरतात.

पण राजधानीत गाडी बाळगणारे सगळेच परदेशी लोक राजदूत नसतात. गुरुग्रामच्या कारखान्यांतले जपानी आणि कोरियन व्यवस्थापक, वृत्तसंस्थांचे बातमीदार, शाळांमधले शिक्षक, इथे लग्न करून स्थायिक झालेल्या स्त्रिया, संशोधनासाठी दोन-तीन वर्षे आलेले अभ्यासक, या सगळ्यांच्या गाडीला तुमच्या-माझ्यासारखी पांढरी पाटी असते. हे प्रकरण मुख्यतः त्यांच्याविषयी आहे. कारण निळ्या पाटीवाल्याचे काम वकिलातीतला एखादा अनुभवी कारकून करून देतो, पांढऱ्या पाटीवाल्याला मात्र आपला मोटार कायदा उघड्या डोळ्यांनी वाचावा लागतो. आणि तो वाचताना त्याच्या लक्षात येते की हा कायदा ‘तुम्हाला गाडी चालवता येते का?’ हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘तुम्ही राहता कुठे?’

गाडीची नोंदणी, कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे, मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे एरवी उभी असते, त्या राज्यात करायची. परवान्यालाही राहण्याचा पुरावा लागतो. आपल्याला हे खटकत नाही, कारण रेशनकार्डापासून आधारपर्यंत पत्त्याचे पुरावे आपल्या कपाटात पडून असतात. परदेशी माणसाचा पत्ता मात्र मुदतीचा असतो. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला साधारणपणे चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नाव नोंदवावे लागते. दिल्लीत ‘एफआरआरओ’ म्हटले की रामकृष्णपुरम डोळ्यासमोर येते. २०१८ पासून बरेचसे काम ऑनलाइन झाले, तरी जुने लोक अजून तिथल्या रांगांच्या आठवणी सांगतात. तिथून मिळणारा निवास परवाना हाच परदेशी माणसाचा खरा पत्ता. त्याच्या जोडीला भाडेकरार लागतो, आणि तो बहुधा अकरा महिन्यांचा असतो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा करार नोंदवणे भाग पडते आणि ते घरमालकाला नको असते. नोकरी तीन वर्षांची, गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि पत्ता अकरा महिन्यांचा, असे हे गणित आहे.

समजा, फ्रान्समधल्या ल्योंहून एक अभियंता दिल्लीला आली आहे. घर वसंतविहारात, कचेरी गुरुग्राममध्ये, मैत्रीण नोएडात. आठवड्याच्या एका फेरीत ती तीन राज्यांच्या हद्दींतून जाते. १९८५ च्या कायद्याने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आखले गेले. ते आज पंचावन्न हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे आणि दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा चौघांच्या जमिनीवर पसरले आहे. आपण पुण्यातून पिंपरीला राहायला गेलो तर फार तर नंबरातला १२ आणि १४ हा फरक मनात येतो, राज्य बदलत नाही. ल्योंची ही बाई वसंतविहारातून गुरुग्रामच्या गोल्फ कोर्स रोडवर राहायला गेली, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, तर तिच्या ‘डीएल’ गाडीला हरियाणात नवा जन्म घ्यावा लागतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी ठेवायची असेल तर ४७ वे कलम नवा नंबर घ्यायला सांगते. त्यासाठी दिल्लीच्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र हवे, म्हणजे अर्ज क्रमांक २८. मग हरियाणाचा रस्ता कर नव्याने भरायचा, ‘एचआर २६’ घ्यायचा, आणि दिल्लीत एकरकमी भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागायचा. दिल्लीत पेट्रोल गाडीला हा कर किमतीप्रमाणे चार, सात किंवा दहा टक्के पडतो. दहा लाखांवरच्या डिझेल गाडीला साडेबारा. रक्कम लहान नाही, म्हणून परताव्याचा अर्ज कंटाळून सोडून देऊ नये.

‘एमएच’ पाटीची गाडी घेऊन बदलीवर दिल्लीला आलेल्या मराठी कुटुंबाला यातले निम्मे दुःख ठाऊक असते. सरकारी नोकरांसाठी आणि चार किंवा जास्त राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांसाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिका आली. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरतात आणि राज्य बदलले तरी पाटी बदलत नाही. ही सोय आणखी रुंद व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. एकाच महानगरात राहणाऱ्याला घर बदलले म्हणून गाडीचे नागरिकत्व बदलल्यासारखा खटाटोप करावा लागू नये.

आता परवाना. बहुतेक परदेशी लोक येताना आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घेऊन येतात. करड्या पुठ्ठ्याची ती पुस्तिका १९४९ च्या जिनिव्हा करारातून आलेली आहे. ती स्वतंत्र परवाना नव्हे. मूळ परवान्याचे ते अनेक भाषांतले रूप असते, म्हणून मूळ परवाना सोबत नसेल तर तिला अर्थ राहत नाही. तिची मुदत एक वर्षाची आणि ती आहे पाहुण्यासाठी. तीन वर्षे राहायला आलेल्या माणसाने दर उन्हाळ्यात मायदेशी जाऊन नवी पुस्तिका आणायची आणि तिच्यावर गाडी हाकायची, ही पळवाट धोक्याची आहे. परवान्याविना गाडी चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने पाचशेवरून पाच हजार झाला, पण खरा धोका दंडाचा नाही, विम्याचा आहे. ग्राह्य परवाना नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर स्वतःच्या गाडीची भरपाई विमा कंपनी नाकारते. जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाला न्यायालय कंपनीकडून पैसे मिळवून देऊ शकते, पण मग कंपनी ते गाडीमालकाकडून वसूल करते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात घालून दिलेली ही वाट आहे.

म्हणून भारतीय परवाना काढावा. इथे कायद्यात एक तरतूद आहे, जी फार थोड्या लोकांना माहीत असते. ज्याच्याकडे दुसऱ्या देशाच्या अधिकृत संस्थेचा परवाना आहे, त्याला वैद्यकीय दाखल्याच्या अटीवर गाडी चालवण्याच्या परीक्षेतून सूट देण्याची सोय नवव्या कलमात आहे. दिल्लीकर ज्याला नुसते ‘अथॉरिटी’ म्हणतात, त्या परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर ही सूट किती सहज मिळेल, हे समोरच्या बाबूवर आणि तुमच्या कागदांवर अवलंबून असते. पण मिळत असली तरी माझा सल्ला उलटा आहे. परीक्षा द्यावी. शिकाऊ परवाना काढावा, तो सहा महिने चालतो. किमान तीस दिवस शेजारी जाणता माणूस बसवून, पुढे-मागे ‘एल’ लावून फिरावे, आणि मग पट्ट्यावर जावे.

दिल्लीतले हे परीक्षेचे पट्टे आता स्वयंचलित आहेत. कडेला कॅमेरे, आत कोणी निरीक्षक बसत नाही. आठाच्या आकाराचे वळण, इंग्रजी ‘एस’सारखा मार्ग उलटा चालवत यायचा, मागे घेऊन गाडी लावायची, आणि एक चढाव. चढावावर मध्येच थांबायचे आणि पुन्हा निघताना गाडी मागे घरंगळू द्यायची नाही. ज्याने जन्मभर ऑटोमॅटिक गाडी चालवली, त्याचा घाम इथेच निघतो. हँडब्रेक ओढलेला, क्लच हळूहळू सोडत इंजिनाचा आवाज जड होईपर्यंत थांबायचे, नाक किंचित वर उचलल्यासारखे झाले की हँडब्रेक सोडायचा. मागे कोणी नाही, वेळ आहे, चुकले तर पुन्हा येता येते. हीच गोष्ट एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर, मागच्या बसचा बंपर हातभर अंतरावर असताना पहिल्यांदा शिकायची पाळी येऊ नये.

रस्त्याची डावी बाजू हा दुसरा धडा. जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथून आलेल्यांना तो नवा नाही. फ्रान्स, जर्मनी, कोरिया, अमेरिका, चीन इथल्या माणसाला सरळ रस्त्यावर अडचण येत नाही, कारण पुढची गाडी बाजू दाखवते. चूक होते ती पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोलपंपातून बाहेर पडताना. हाताची जुनी सवय त्याला उजवीकडे ओढते. ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉटनच्या हवाई तळाबाहेर हेच घडले. तळावरच्या एका अमेरिकी अधिकाऱ्याची पत्नी बाहेर पडून रस्त्याच्या चुकीच्या बाजूने चालवत राहिली आणि समोरून मोटारसायकलवर येणारा १९ वर्षांचा तरुण मारला गेला. ती राजनैतिक संरक्षणाच्या आधारे मायदेशी निघून गेली. २०२२ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला स्थगित शिक्षा झाली. त्या मुलाच्या आईवडिलांना तेवढ्यासाठी तीन वर्षे झगडावे लागले.

लहान गोष्टीही असतात. मारुतीच्या गाडीत इंडिकेटरची दांडी जपानी पद्धतीप्रमाणे स्टिअरिंगच्या उजवीकडे असते. युरोपीय माणूस सवयीने डावी दांडी ओढतो आणि कोरड्या काचेवर वायपर खरखरत फिरू लागतात, मागच्याला मात्र वळणाची खूण मिळत नाही. म्हणून भाड्याची किंवा नवी गाडी घेतली की आधी घराच्या गल्लीत उभ्या गाडीत बसून दांड्या हाताळून पाहाव्यात.

हेडलाइटच्या भाषेचा मोठा घोटाळा होतो. इंग्लंड-जर्मनीत समोरच्याने दिवा एकदा उघडझाप केला तर अर्थ बहुधा ‘तुम्ही जा’ असा असतो. दिल्लीत ‘डिपर’ मारला याचा अर्थ ‘मी येतोय, तुम्ही थांबा’. हे न कळलेला माणूस आभार मानत पुढे सरकतो. ल्युटेन्सच्या दिल्लीतली गोलचक्करे ही याची कठीण जागा. मंडी हाऊस, विंडसर प्लेस, गोल डाकखाना इथे पाच-सहा रस्ते एका वर्तुळात शिरतात. २०१७ च्या वाहनचालन नियमांप्रमाणे वर्तुळात आधीपासून असलेल्या गाडीचा हक्क पहिला. प्रत्यक्षात ज्याचे नाक आधी शिरले त्याला वाट मिळते. नवख्याने डावी कड धरून, वेग कमी ठेवून, एक चक्कर जास्त मारावी लागली तरी मारावी. मध्येच थबकणे सगळ्यांत वाईट.

अपघात झालाच तर काय, याची भीती परदेशी माणसाच्या मनात सतत असते. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. ती भीती निराधार नाही. १३४ वे कलम चालकाला सांगते की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्या आणि पोलिसांना कळवा. जमावाच्या रोषामुळे हे शक्य नसेल तर त्या क्षणी थांबण्याची सक्ती नाही, अशी सवलत कायद्यातच लिहिलेली आहे. कायदा करणाऱ्यांना आपला रस्ता चांगला माहीत होता. पण ती सवलत पळून जाण्याची परवानगी नव्हे. ११२ ला फोन करायचा, जवळचे पोलीस ठाणे गाठायचे, विमा कंपनीला कळवायचे, आणि परदेशी असाल तर आपल्या वकिलातीला. दुसऱ्याच्या अपघातात मदतीला धावणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम जोडले आहे. हे परदेशी रहिवाशांना आवर्जून सांगावे, कारण ‘भारतात जखमीला हात लावू नका’ हा जुना सल्ला अजून त्यांच्यात फिरत असतो, आणि त्या सल्ल्याने जीव जातात.

या सगळ्याला घाबरून अनेक परदेशी कंपन्या आपल्या लोकांना स्वतः गाडी चालवायला मनाई करतात. गाडी कंपनीची, सोबत ड्रायव्हर. गुरुग्राममध्ये राहून रोज राष्ट्रीय महामार्ग ४८ ने राजस्थानातल्या नीमराणाच्या जपानी औद्योगिक वसाहतीत जाणारा अधिकारी येता-जाता दीडशेहून जास्त किलोमीटर मागच्या सीटवर काढतो. कंपनीची काळजी मला समजते. पण मग जोखीम नाहीशी होत नाही, ती मथुरा किंवा अलवरहून आलेल्या एका माणसाच्या खांद्यावर जाते. तो पहाटे पाचला गाडी पुसतो, दिवसभर पार्किंगमध्ये सीट मागे टाकून पडतो आणि रात्री जेवणाची पार्टी संपण्याची वाट पाहत बसतो. त्याची झोप हा गाडीच्या टायरइतकाच सुरक्षिततेचा प्रश्न आहे. गाडी वापरणाऱ्याने ‘उद्या किती वाजता यायचे?’ या प्रश्नाला उत्तर देताना ‘आज किती वाजता सोडले?’ हे आठवावे.

निळ्या पाटीकडे परत येऊ. राजनैतिक संबंधांचा व्हिएन्ना करार १९६१ चा. भारताने १९७२ मध्ये कायदा करून तो देशी कायद्यात आणला. त्यातले ३१ वे कलम राजदूताला फौजदारी कारवाईतून संरक्षण देते, आणि ४१ वे कलम सांगते की यजमान देशाचे कायदे पाळणे हे त्याचे कर्तव्य आहे. म्हणजे दंड वसूल करणे अवघड, पण नियम लागू आहेतच. लंडनचे उदाहरण घ्या. तिथे शहराच्या मध्यभागी गाडी नेण्याचे शुल्क २००३ पासून आहे. आपण कर देणे लागत नाही, असे म्हणून अनेक दूतावास ते भरत नाहीत. २०२४ मध्ये लंडनच्या वाहतूक खात्याने थकबाकीची यादी जाहीर केली. पहिली अमेरिका, दुसरा जपान, तिसरा भारत, साडेआठ दशलक्ष पौंडांच्या आसपास. दिल्लीत परदेशी गाडी सिग्नल तोडताना पाहून आपण चिडतो, तेव्हा हेही माहीत असावे.

त्याच निळ्या पाटीची दुसरी बाजूही दिल्लीने पाहिली. मेक्सिकोच्या राजदूत मेल्बा प्रिया यांनी आपले अधिकृत वाहन म्हणून ऑटोरिक्षा निवडली. पांढऱ्या अंगावर रंगीत फुले, सीएनजीवर चालणारी, आणि पुढे राजनैतिक नंबर. त्यांच्याच उदाहरणाने २०२२ मध्ये अमेरिकी वकिलातीतल्या चार महिला अधिकाऱ्यांनी आपापल्या ऑटो घेतल्या आणि स्वतः चालवत कामावर जाऊ लागल्या. बुलेटप्रूफ काचेमागून शहर कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. लाल बत्तीवर शेजारच्या ऑटोवाल्याने आश्चर्याने पाहणे आणि दोन शब्द बोलणे, हे कोणत्याही शिष्टाचार विभागाला घडवून आणता आले नसते.

आपली जुनी गाडी बरोबर आणावी, अशी इच्छा काहींना होते. ती शक्यतो आवरावी. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे, आणि ती उतरवायची मुंबई बंदरातच. मग ती चाचणीसाठी पुण्याच्या ‘एआरएआय’कडे किंवा अहिल्यानगरच्या ‘व्हीआरडीई’कडे जाऊ शकते. दिल्लीकराच्या गाडीला आधी महाराष्ट्रदर्शन घडते. शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त होते. राजदूतांना ते माफ असते, म्हणून एके काळी त्यांच्या गाड्यांना दिल्लीत विलक्षण भाव होता. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, त्या दिवसांत बदलून जाणाऱ्या राजदूताची गाडी सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जाई, आणि परदेशी गाडी हौसेने घेणारे उद्योगपती आणि सिनेनट तिथे निविदा भरत. डिसेंबर १९८३ मध्ये गुरुग्राममधून पहिली मारुती बाहेर पडली, १९९१ नंतर बाजार उघडला, आणि तो भाव उतरला.

आज परदेशी माणसाने नवी, पेट्रोलची, लहान गाडी इथेच घ्यावी. कारण हवा. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनी २०१४-१५ पासून राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या बंद ठरल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले, आणि २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना पेट्रोलपंपावर इंधन न देण्याचा प्रयोग सुरू होताच थांबला. हे धोरण अजून हलते आहे. हिवाळ्यात हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला की ‘ग्रॅप’ या प्रदूषण-निर्बंधांच्या योजनेचा तिसरा टप्पा लागतो आणि बीएस-तीन पेट्रोल व बीएस-चार डिझेल गाड्या घरात राहतात. काचेवरचा रंगीत होलोग्राम तेव्हा कामाला येतो: फिकट निळा म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी, नारिंगी म्हणजे डिझेल. प्रदूषण दाखला संपलेला असेल तर दंड दहा हजारांपर्यंत. २०१६ च्या सम-विषम प्रयोगात निळ्या पाट्यांना सूट होती. पांढऱ्यांना सरसकट नव्हती.

मुदत संपून परत जाताना बहुतेक जण सगळ्यात मोठी चूक करतात. विमान शनिवारी असते, गाडी गुरुवारी विकली जाते, पैसे हातात पडतात आणि कागद ‘दलाल बघेल’ म्हणून मागे राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी तीन हात बदलून अपघात करील, आणि भरपाईची नोटीस ल्योंला गेलेल्या त्या अभियंत्याच्या नावाने वसंतविहारातल्या जुन्या घरावर येईल, जिथे आता दुसरा भाडेकरू राहतो. म्हणून विक्री निघण्याच्या महिनाभर आधी करावी. अर्ज क्रमांक २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, गाडी सोपवल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, प्रलंबित चलाने भरून टाकणे, बँकेत फास्टॅग बंद करणे. विमा कायद्याने खरेदीदाराकडे जातो, पण त्याने चौदा दिवसांत कंपनीला कळवायचे असते, तेही आपल्यासमोर करून घ्यावे. आणि परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या रकान्यात नवे नाव दिसेपर्यंत भारतीय सिमकार्ड चालू ठेवावे, कारण ओटीपी त्याच नंबरावर येतो.